लोणंदची परतफेड

"लांबी परत घास, मल्हार. फाळक्यावर लाटा दिसत्यात," लालासाहेब म्हणाले आणि मल्हारच्या रंगकामाच्या शेडमध्ये, पत्र्याचे खड्डे लांबीच्या लुकणानं बुजवलेल्या ट्रकभोवती डोळे बारीक करून फिरले.

मल्हारनं घाईनं मान खाली घातली. लाटांमुळे नव्हे. ज्या ट्रकभोवती लालासाहेब फिरत होते, तो त्यांचाच होता. गेल्या महिन्यात त्यांनीच मल्हारला विकलेला. तेव्हा अंगभर गंज, दार तारेनं बांधलेलं, आणि रंग मूळचा कुठला ते देवालाच ठाऊक.

"नंबरपाटी कुठाय रं हिची?"

"रंगासाठी काढून ठिवलीया, आबा."

"हाय कुणाची?"

"जतची पार्टी हाय. इकायची म्हणत्यात."

"इकायची व्हय?" लालासाहेब थबकले. "मग तर नीटच घास. आमची गेल्यापासनं दार लय भुंडं वाटतंय."

त्यांची फटफटी विट्याच्या रस्त्याला लागली तसा मल्हार कट्ट्यावर बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मासा आपल्या पायांनी चालत जाळ्यापर्यंत आला होता.

झालं होतं असं की, दोन वर्षांमागं लालासाहेबांनी त्याला सांगितलेलं, लोणंदला एक ट्रक मातीमोल भावात मिळतोय, एक ओरखडा न्हाई, टायर कोरे. मल्हार पत्ता शोधत गेला तर बाजारातलं खेळण्यांचं दुकान. ट्रक फळीवर, लाल प्लॅस्टिकचा. तेव्हापासून चहाच्या टपरीवर गेलं की कुणीतरी विचारायचंच, "काय मल्हारशेठ, लोणंदचा ट्रक काय म्हणतोय?" दुसऱ्यांच्या खोड्या काढून मोठा झालेला गडी. हे त्याला रात्रंदिवस टोचायचं.

आता लालासाहेबांना त्यांचाच ट्रक विकायचा. इसार दिला आणि नारळ फुटला की चार माणसांदेखत जुनी नंबरपाटी काढून दाखवायची. नारळ फुटल्यावर माघार घ्यायची आपल्याकडं रीत नाही. मग टपरीवर लोणंदचं नाव पुन्हा कोण काढतंय ते बघू.

मल्हारनं सगळी लांबी खरवडून पुन्हा भरली. पॉलिश पेपरानं घासता घासता बोटांची सालं निघाली.

शेडच्या कोपऱ्यातून हरिबा हे बघत होता. त्याचा ट्रक दिवाळीपासून तिथंच उभा, नुसतं राखाडी अस्तर मारलेला. केबिनमध्ये कोंबडी अंडी घालायला लागली होती.

"ह्या गाडीला गड्या, लेकरागत न्हाऊ घालतोस," हरिबा म्हणाला. "आन् माझीवर कोंबडी बसवलीस."

"फुडच्या आठवड्यात घेतो की."

"कुठल्या सालातल्या?"

"अंडी तर मिळत्यात न्हवं तवर? च्या घे."

हरिबानं चहा घेतला. दर आठवड्याला घ्यायचा तसाच.

चार दिवसांनी लालासाहेब पुन्हा हजर. मोरपंखी रंगाचा पहिला हात बसला होता. त्यांनी गाडीच्या चकचकीत दारात वाकून तोंड बघितलं.

"मिशी दिसती, पण केस मोजता येत न्हाईत. कराडचा पेंटर आरशावाणी काढतोय. तुजा हात गेला गड्या आता."

मल्हारची कानशिलं तापली. त्यानं दुसरा हात मारला, तिसरा मारला. चकाकीसाठी कंपाउंड लावून मऊ फडक्यानं दोन दिवस चोळलं. मागच्या फाळक्यावर कमळ काढलं, दोन्ही बाजूंना मोर, आणि मोराच्या एकेका पिसाला बारीक सोनेरी रेघ. इतकं मन लावून त्यानं लग्नात स्वतःची दाढीसुद्धा केली नव्हती.

सौद्याच्या दिवशी लालासाहेब बायकोला, मनुबाईंना, घेऊन आले. मनुबाईंच्या पिशवीत नारळ, हळदकुंकू. हरिबा होताच. टपरीवरची चार टाळकी मल्हारनं मुद्दाम चहाला बोलावून ठेवलेली.

मनुबाईंनी मोरावरनं हात फिरवला. "आगं बया! लय झ्याक झाली की वं!"

लालासाहेबांनी त्यांच्याकडं डोळे वटारले. मल्हार मनात म्हणाला, बरोबर हाय, भाव ठरायच्या आधी बाईनं कौतुक करावं व्हय?

घासाघीस सुरू झाली. लालासाहेब एकेक पायरी खाली ओढत राहिले, मल्हार उतरत राहिला. शेवटी गोष्ट मल्हारनं मोजलेली जुनी किंमत आणि वर निव्वळ रंगाचा खर्च, इथवर आली. एरवी मल्हारनं हात जोडून वाट दाखवली असती. पण नफा गेला खड्ड्यात, असली गंमत पैशानं मिळत नाही.

"दिली, आबा! तुमच्यासाटी दिली!"

इसार हातात पडला. मनुबाईंनी चाकाला कुंकू लावलं, लालासाहेबांनी नारळ फोडला. खोबरं सगळ्यांच्या तोंडात गेलं, तसा मल्हार शेडमध्ये पळाला आणि पाठीमागं लपवून पाटी घेऊन आला.

"आबा, गाडीचा नंबर तर बघा!"

पाटी समोर धरली. टपरीवाल्यांनी आधी नंबर वाचला, मग लालासाहेबांकडं बघितलं, आणि सगळं शेड हसण्यानं हाललं. एकाला ठसका लागला. मल्हार तर टायरवर बसून मांडीवर थापा मारायला लागला.

"तुमचीच गाडी तुमाला इकली, आबा! कागदं बी अजून तुमच्याच नावावर! फिटलं लोणंद!"

लालासाहेब हसले नाहीत, चिडले नाहीत. त्यांनी पाटी घेतली, टॉवेलानं पुसली, स्वतःच्या हातानं जागेवर बसवली. मनुबाईंना हात देऊन केबिनमध्ये चढवलं. स्वतः चढले, गाडी चालू केली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"हरिबा, तू बी तुजी इकून टाक की ह्याला. म्हैन्याभरात रंगवून मिळत्या."