अकराव्या दिवशी चौकशी

“डाव्या नाकपुडीने घ्या, उजवीने सोडा,” कुसुमलतादीदी म्हणाल्या.

बलबीर पुंडीरने नाक दाबलं. दात त्याहून जोरात दाबले. बावीस वर्षं ऋषिकेश ते जोशीमठ बस चालवलेला माणूस, आणि आता गंगेकाठच्या हॉलमध्ये सतरंजीवर मांडी घालून नाक धरून बसला होता. खात्याचा हुकूम होता: दहा दिवस सकाळी प्राणायाम आणि अकराव्या दिवशी चौकशी. एका प्रवाशाच्या थोबाडीत मारली म्हणून.

“श्वास ढकलू नका, बलबीरजी. येऊ द्या.”

“येतोच आहे, दीदी. पन्नास वर्षं न शिकवता येतोय.”

मागे कोणीतरी फिसकन हसलं. शेजारच्या सतरंजीवरचे म्हातारे पंडितजी मात्र हसले नाहीत. ते ताठ बसायचे, पण श्वास रोखून धरला की पाचव्या आकड्याला त्यांचा श्वास तुटायचा. दीदी त्यांना रोज तेच सांगायच्या, “जबडा सैल सोडा, पंडितजी.”

चौथ्या दिवशी वर्ग सुटल्यावर दोघे चहाच्या टपरीवर एकाच बाकावर बसले.

“तुमच्यावर कोणी हुकूम काढला?” बलबीरने विचारलं.

“कोणी नाही. घरी एकीला शिकवायचंय. आधी मला यायला हवं ना.”

“नातीला?”

पंडितजींनी चहावर फुंकर घातली. “तुमचं काय झालं होतं?”

बलबीरला एवढंच हवं होतं. “व्यासी गावाच्या पुढचं वळण. धुकं हे एवढं. खाली गंगा, मागे बत्तीस माणसं. आणि एक म्हातारा पुढे येतो, म्हणे गाडी थांबवा. मी म्हटलं, जागेवर जाऊन बस. पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला आणि माझी बाहीच ओढली. ऐन वळणावर! दिली एक ठेवून.”

“का थांबवायची होती त्याला?”

“हे विचारत बसू? सगळ्यांनाच थांबवायची असते. कोणाला लघवी, कोणाला फोटो.”

“दिसायला कसा होता?”

“कानटोपी, मफलर, नुसते डोळे उघडे. आणि मी काय स्थळ बघायला गेलो होतो, तोंड न्याहाळायला?” बलबीरने ग्लास बाकावर आपटला. “वर तक्रार केली साल्याने. तीन पानी, म्हणे. नक्कल घरी आली. बायकोने पाकीट हातात दिलं, मी न उघडताच चुलीत घातलं.”

“उद्या भेटू,” पंडितजी म्हणाले आणि चहा अर्धा टाकून उठले.

दुसऱ्या दिवशी ते येणार नाहीत असं बलबीरला उगाच वाटलं. पण ते आले आणि त्याच सतरंजीवर बसले.

सहाव्या दिवशी भस्त्रिका होती. हा प्रकार बलबीरला आवडला. भात्यासारखा श्वास आत-बाहेर हाणायचा. प्रत्येक फटक्याला त्याच्या डोळ्यांपुढे ती कानटोपी येत होती. त्याने इतका जोर लावला की हॉल फिरला आणि तो मागच्या मागे कलंडला. पाठीला कोणाचा तरी हात लागला.

“सावकाश,” पंडितजी म्हणाले. “मी मोजतो. तुम्ही नुसतं सोडा. एक... दोन...”

आठपर्यंत मोजलं त्यांनी, मनगट धरून. बलबीरच्या छातीतली धडधड उतरली. तेव्हापासून रोज तेच मोजू लागले.

दहाव्या दिवशी टपरीवर बलबीर पुन्हा तापला. “उद्या त्याला माझ्यासमोर बसवणार. मी माफी मागायची म्हणे. पंडितजी, खरं सांगतो, त्याला बघितलं की माझा हात पुन्हा उठेल. मग नोकरी गेलीच.”

“मग?”

“तुम्ही चला. नुसते शेजारी बसा. तुम्ही मोजलंत की जमतं मला. या सगळ्या भानगडीत माझ्या बाजूने एक माणूस नको का?”

पंडितजींनी ग्लास खाली ठेवला.

“येतो,” म्हणाले. “यायलाच हवं.”

चौकशीच्या खोलीत टेबलाच्या अलीकडे दोन खुर्च्या होत्या, पलीकडे एक रिकामी. बलबीर बसला, शेजारी पंडितजी. साहेबांनी चष्मा लावून कागद उघडला. तो तीन पानी कागद बघूनच बलबीरची कानशिलं तापली. पंडितजींनी त्याचं मनगट धरलं आणि हळू आवाजात मोजायला सुरुवात केली.

“‘माझ्या पत्नीचा श्वास कोंडला होता,’” साहेब वाचू लागले. “‘ओठ निळे पडले होते. औषधाची पिशवी गाडीच्या टपावर होती. मी चालकाला तीनदा विनवलं...’”

मोजणं चारवर थांबलं.

“हे मला कोणी सांगितलं नाही,” बलबीर म्हणाला.

“लेखी कळवलं होतं तुम्हाला.”

“ती बाई... आहे ना?”

“ते त्यांनाच विचारा.” साहेबांनी घड्याळ बघितलं, मग दाराकडे. “तक्रारदार भैरवदत्त नौटियाल आले नाहीत का अजून?”

पंडितजींनी बलबीरचं मनगट सोडलं, टेबलाला वळसा घातला आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले.