कोरडी बाटली

डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली. दिवसभराची लघवी बरोबर रेघेला टेकली होती.

"पाहा साहेब, आज भरली!" गोदाबाईला हसू आवरेना.

तिचा नवरा नत्थुजी खाटेवर बसून होता. मूत्रपिंडं थकल्यामुळं तोंडावर, पायावर सूज चढलेली. अमरावतीच्या दवाखान्यात भरती व्हा म्हणून डॉक्टर आठ दिवस कानीकपाळी ओरडत होते आणि हा अडून बसला होता. "परक्याच्या हातचं मुताचं भांडं मले नाई पायजे. मी वलगाव सोडत नाई." शेवटी डॉक्टरांनी अट घातली. जेवण अळणी, पाणी मोजून. बाटली रेघेपर्यंत भरली तर घरी राहायचं, नाही तर गाडी जुंपायची.

डॉक्टरांनी लघवी उभट काचपात्रात ओतली आणि बॅगेतून जाड बुडाची काचेची नळी काढली.  ही नळी नत्थुजीच्या चांगल्या ओळखीची होती. अमरावतीला दूध घालायला जाताना नाक्यावर म्युनिसिपल कमिटीचा इन्स्पेक्टर पाणी घातलेल्या दुधात बुडणारी अश्शीच नळी त्याच्या कॅनमध्ये सोडायचा, आणि हा छाती काढून म्हणायचा, "बुडवा साहेब, पायजे तं तुमी बी उतरा!" नळी कधी बुडाली नाही.

आज ती पार गळ्यापर्यंत खाली गेली.

"यात पाणी घातलंय," डॉक्टर म्हणाले.

"पानी?" गोदाबाई उसळली. "चाळीस वर्सं यायनं दुधात थेंब नाई घातला, साहेब! अन् याच्यात घालतीन?"

बोलता बोलता तिची नजर नळीकडं गेली. दूधवाल्याच्या बायकोला ते कुणी समजावून सांगायला नको होतं. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. सकाळी ती म्हशीखाली बसली असताना त्यानं अर्धा तांब्या पाणी बाटलीत ओतलं होतं. तो आता आपल्या सुजलेल्या पायांकडं पाहत होता.

"असली लबाडी करायची असेल तर आत्ताच गाडी—"

"माझ्या हातून झालं, साहेब," गोदाबाई म्हणाली. "बाटली इसळली, पानी तसंच राहून गेलं."

"एवढं पाणी? दूधवाल्याच्या घरच्या ना तुम्ही? लाज नाही वाटत? त्यांच्या जिवाशी खेळ आहे हा!"

"चुकलं," म्हणत तिनं पदर पुढं ओढला.

नत्थुजीनं तोंड उघडलं. एक शब्द बोलला असता तर आजच्या आज गाडी जुंपावी लागली असती. त्यानं तोंड मिटलं. चाळीस वर्षांत जे त्याला कुणी बोललं नव्हतं, ते त्याच्यापायी ती ऐकून घेत होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. 

"उद्या पुन्हा पाहतो, मग ठरवू," म्हणून डॉक्टर गेले.

गोदाबाई बाटली घेऊन मोरीत गेली. बऱ्याच वेळानं परत आली, पदरानं बाटली आतबाहेर पुसली आणि त्याच्या हाताशी ठेवली.

"घ्या," ती म्हणाली. "कोरडी हाये."