हजेरीपटावरचं विसावं नाव

अभिमन्यूतात्या शाळेचा इतिहास सांगत होते आणि मुख्याध्यापक रामेश्वर सर मान खाली घालून तो उतरवून घेत होते. हायस्कूलला साठ वर्षं झाली होती. सोहळा परवावर आलेला, स्मरणिकेचा मजकूर संध्याकाळपर्यंत पाटोद्याच्या छापखान्यात पोचायला हवा, आणि पहिल्या तुकडीतले गावात उरलेले एकटे तात्याच. त्यामुळे शाल तात्यांना, नारळ तात्यांना, पाहुण्यांशेजारची खुर्ची तात्यांना. इतिहासही मग तात्यांचाच की! ते तो ऐसपैस सांगत होते.

"आठवीचा वर्ग उघडायला सरकारला वीस पोरं पायजे व्हती. आमी वीस भरलो. इनिस्पेक्टरनं सवाल टाकला. साऱ्या वर्गाची दातखीळ बसली. म्या उठलो अन् फाडकन उत्तर दिलं. खूश झाला गडी! जागच्या जागी मंजुरी. लिवलं का?"

"लिहिलं," सर म्हणाले.

तेवढ्यात क्लार्क बिभीषणनं कपाटाच्या तळातून पहिल्या वर्षाचा हजेरीपट शोधून आणला आणि टेबलावर आपटून धूळ उडवली. सर एकेका नावावरून बोट फिरवत खाली आले आणि विसाव्या नावावर थांबले.

"तात्या, मुलगी! भिवरा! त्या काळात आठवीत मुलगी! अहो, हे तर सोनं सापडलं. कोण ही?"

तात्यांना ठसका लागला. ते पाणी प्याले, मिशा पुसल्या.

"व्हती एक. गेली बिचारी."

"कुठं?"

तात्यांनी वर बोट केलं. "लई दिवस झाले. पटकीच्या साथीत."

रामेश्वर सर हळवा माणूस. मैदानातला लिंब वाऱ्यानं पडला तेव्हासुद्धा त्यांनी अख्ख्या शाळेला दोन मिनिटं उभं केलं होतं. ते खुर्चीतून उठले. साहेब उठले म्हणून बिभीषण हात बांधून उभा राहिला. तात्यांना एकट्यानं बसून राहणं बरं दिसेना, मग तेही गुडघ्यांवर हात देत उठले. तिघांनी माना खाली घातल्या.

दारात एक म्हातारी आली. तात्यांची भावजय, त्यांच्या जेवणाचा डबा घेऊन. सर तिला याच शाळेत शिकलेल्या मंजुषाची आजी म्हणून ओळखत, नाव विचारायची वेळ कधी आली नव्हती. तिनं तिघांना पाहिलं, पदर सारखा केला आणि आपणही मान खाली घातली. अशा वेळी बोलू नये, एवढं तिला कळत होतं. सरांनी मान वर केल्यावरच तिनं हळू आवाजात विचारलं,

"कोन गेलं वो, सर?"

"आपल्या शाळेची पहिली विद्यार्थिनी, आजी. भिवरा."

"अगं बया!" म्हातारी म्हणाली. "मी कवा गेले?"

बिभीषण तोंड कपाटात घालून खुदखुदू लागला. तात्या पंख्याकडे बघत बसले.

"आजी, तुम्ही होता या वर्गात?"

"तर! एक दिस." तिनं डबा टेबलावर ठेवला. "नवी नवरी व्हते. ह्या भाऊजींचाच डबा घेऊन आलते. वर्गात पोरं एकोनीस, अन् इनिस्पेक्टर फाटकात. मास्तरांचा जीव टांगनीला! म्हनले, वैनी, मागं बसा, पदर फुडं घ्या, नाव पुकारलं की 'हजर' म्हना. बसले बाई. त्येनं इचारलं, एका एकराचे गुंठे किती? समदे गपगार. आवं, चाळीस! रोज खुरपायला जानाराला ते सांगाया शाळा कशाला लागती? दिलं सांगून."

सरांनी आपल्या कागदावरची ओळ पुन्हा वाचली आणि चष्म्यावरून तात्यांकडे पाहिलं.

"फाडकन, नाही का?"

"वैनी, जाऊ द्या ना आता," तात्या काकुळतीला आले. "पावन्यापुढं माझी शोभा व्हईल."

"तुमची शाल तुमी घ्या, भाऊजी. मला काय करायची?" ती सरांकडे वळली. "मला दाखला द्या, सर. आमच्या मंजुषाला दिला तसला, शाळा सोडल्याचा. ब्यांकेत जावा, दवाखान्यात जावा, शिक्षन काय म्हनून इचारत्यात, अन् मी बोलायच्या आदीच नुसतं तोंडाकडं बगून 'निरक्षर' लिवत्यात. लई लागतं वो मनाला. वाचता येत न्हाई, ते खरं हाय. पर एक दिस तरी व्हते का न्हाई मी?"

सरांनी हजेरीपट जवळ ओढला. नाव होतं. नावापुढे एका दिवसाची हजेरी होती. पुढे ते नाव कुणी कमी केल्याची नोंद मात्र सापडेना. म्हणजे नियमानं पाहिलं तर ही बाई अजून आठवीतच होती.

"बिभीषण, दाखल्यांचं पुस्तक काढ."

"सर, छापखाना पाच वाजता बंद व्हतो," तात्या म्हणाले.

"होऊ द्या."

सरांनी वळणदार अक्षरात नाव लिहिलं. अभ्यासातील प्रगती: चांगली. वर्तणूक: उत्तम. लिहितील ते ते ती मोठ्यानं वाचून दाखवायला लावत होती आणि प्रत्येकदा तात्यांकडे बघत होती. शाळा सोडल्याच्या कारणापाशी सरांचा पेन थांबला.

"शाळा का सोडलीत, आजी?"

"मी कुटं सोडली? इनिस्पेक्टर गेला, अन् मास्तर म्हनले, जावा आता घरी."

"तसं नाही लिहिता येत."

"का वो?" भिवराबाई म्हणाली. "खरं हाय म्हनून?"