वास जाऊ नये म्हणून

"खुशाल बघा," आजी म्हणाली. "आमच्या घरात कुठंही बोट फिरवा. धूळ लागली तर माझं नाव बदला."

आरोग्यखात्याच्या बाईंनी खिडकीच्या चौकटीवर ओल्या टोकाची काडी घासली. शिसं असलं की काडीचं पिवळं टोक लाल होतं, हे आता गल्लीतल्या लहानथोरांना ठाऊक झालं होतं. बॅटरीच्या कारखान्याला खेटून असलेल्या घरांत काड्या लालभडक निघाल्या होत्या. इथे टोक पिवळंच राहिलं.

मग नळ पाहिला. भांडी पाहिली, दाराचा रंग पाहिला. पलंगाखालचं खेळण्यांचं टोपलंही बाईंनी पालथं केलं. पिवळंच.

"म्हटलं नव्हतं?" आजी म्हणाली.

चिमणी आईच्या मांडीवर मुटकुळं करून पडली होती. सकाळपासून तिचं पोट दुखत होतं. चार वर्षांची पोर, पण अंगानं तीनचीही वाटत नव्हती. मागच्या वर्षी अख्खी गाणी म्हणायची. आता साधा पाणी हा शब्दसुद्धा कधी कधी तिला सापडत नसे. मग ती नुसतंच माठाकडे बोट दाखवायची. गल्लीतल्या सगळ्या मुलांचं रक्त तपासलं, त्यात सगळ्यात जास्त शिसं हिच्या रक्तात निघालं. आणि घर तर कारखान्यापासून पार शेवटचं.

"हिचे वडील कारखान्यातच ना?" बाईंनी विचारलं.

"हो," सून म्हणाली. "पण कामाचे कपडे तिथंच ठेवतात. आल्यावर आधी आंघोळ, मगच पोरीला हात लावायचा, असं ठरलंय आमचं."

"ठरलंय कसलं! ही दारात पोलिसासारखी उभी राहते," आजी म्हणाली. "बाप दमून आला, पोर गळ्यात पडायला धावली, की ही मागे ओढते. एवढं करून काय दिवे लावले? मी सांगते बाई, हे सगळं बाहेरच्या खाण्यानं झालंय. हिला सुईत दोरा ओवता यायचा नाही, पण पोरीला घेऊन दुकानात जायला पाय कायम तयार."

सुनेनं चिमणीच्या कपाळावरचे केस मागे सारले.

बाईंनी उरलेल्या काड्या डबीत भरल्या. तेवढ्यात चिमणी मांडीवरून उतरली, आतल्या खोलीत गेली आणि आपली गोधडी फरफटत घेऊन आली. भिंतीला टेकून बसली. गोधडीचा एक कोपरा तोंडात घेतला आणि डोळे मिटून चोखू लागली. कोपरा चोखून चोखून काळा आणि मऊ झाला होता.

"तिच्याशिवाय झोप नाही महाराणीला," आजी कौतुकानं म्हणाली.

बाई गोधडीकडे बघत राहिल्या. टाके बारीक होते, एका ओळीत, मुंग्यांच्या रांगेसारखे. मधल्या तुकड्यावर सदऱ्याचा खिसा तसाच ठेवला होता, लहान हात घालायला. खिशावर कारखान्याचं बोधचिन्ह होतं.

आजीनं बाईंची नजर पाहिली. मग खिसा पाहिला. तिचा हात आपोआप पुढे झाला, गोधडी दुमडून टाकावी म्हणून; पण बाई आधीच खाली बसल्या होत्या. त्यांनी डबी परत उघडली आणि काडी कापडावरून एकदाच फिरवली.

कुणालाही वाकून बघावं लागलं नाही. टोक कुंकवासारखं लाल झालं होतं.

बाईंनी गोधडी उलटी केली. आतल्या बाजूलाही तेच जाड, निळं कापड. "वडिलांचे जुने सदरे," त्या हळूच म्हणाल्या. "कुणी शिवली ही?"

लेक रात्रपाळीला गेला की पोर रडून जीव नकोसा करायची. तेव्हा आजीनंच लेकाला सांगितलं होतं, विटलेले सदरे टाकू नकोस, गुपचूप मला आणून दे. सून म्हणाली होती, आई, निदान आधी उकळत्या पाण्यात तरी घालू या. त्यावर आजीनं तिच्या हातातली बादली काढून घेतली होती.

"कुणी शिवली?" बाईंनी परत विचारलं.

"आम्ही दोघींनी," सून म्हणाली.

आजीनं मान वर केली. सून तिच्याकडे बघत नव्हती.

"आणि कापड धुतलं नाही?"

"नाही," सून म्हणाली. "वास जाऊ नये म्हणून. बाप जवळ असल्यासारखं वाटतं पोरीला."

शब्द न् शब्द आजीचा होता.

बाईंनी मान डोलावली. चिमणीच्या तोंडातला कोपरा हलकेच सोडवला, गोधडी प्लॅस्टिकच्या पिशवीत भरली आणि पिशवीला घट्ट गाठ मारली. "आता सगळ्यांनी हात धुवा, साबणानं," त्या म्हणाल्या. "पोरीचे आधी."

चिमणीनं पिशवीकडे बोट दाखवलं. शब्द शोधत तिचे ओठ हलले. सापडला नाही. मग ती रडत रडत नेहमीच्या माणसाकडे वळली, आजीकडे, दोन्ही हात पसरून.

आजीनं आपले हात पाठीमागे घेतले आणि तशीच भिंतीला टेकून उभी राहिली.