डब्यातली डेअरी

साडेचारला क्रांतीच्या लॅपटॉपवर हिरवी ओळ उमटली. ३४७ मेसेज पाठवले.

पहिल्यांदा तिला बरं वाटलं. मग तिने ओळ पुन्हा वाचली. तीनशे सत्तेचाळीस कसे गेले? कुणाला गेले?

सकाळपासून ती हा कंटेनर उभा करत होती. आक्कांना, म्हणजे सासूबाईंना, तिने सांगितलं होतं, लॅपटॉपच्या आत एक डबा आहे म्हणून. गावच्या दूध संस्थेची वेबसाइट जशीच्या तशी त्या डब्यात उतरवायची. सभासदांना मेसेज पाठवणारं नवं प्लगइन तिथे हवं तेवढं मोडायचं, जोडायचं. आत काहीही सांडलं तरी खऱ्या साइटला थेंब लागत नाही. सोमवारी ते चालवून दाखवलं की संस्थेचं काम तिचं होणार होतं. बाळंतपणात नोकरी सुटल्यावरचं पहिलं काम.

गॅसचं बटण ती दोनदा बघायची, जिन्याचं दार तीनदा. लेक राजनंदिनी रांगायला लागल्यापासून तर चार्जरची वायरसुद्धा उशाखाली असायची. डबाही तिने तसाच तपासला होता. बाहेरून आत कुणी येऊ शकत नव्हतं. पण यादी खरी वाटावी म्हणून तिने सभासदांची नावं, नंबर खऱ्या साइटवरून आणले होते, आणि त्यांच्याबरोबर मेसेज पाठवायची चावीही आली होती. आतून बाहेर जायची वाट तिने बघितलीच नव्हती.

गोठ्याच्या दारातून आक्का मोबाइल लांब धरून वाचत आल्या.

"आज, संध्याकाळी, दूध संकलन, बंद राहील. काय गं, डेअरीला काय झालंया?"

तो क्रांतीनेच चाचणीसाठी लिहिलेला मजकूर होता. तिने झटक्यात कंटेनर बंद केला. आक्कांच्या हातातला मेसेज तिथेच राहिला.

"आक्का, ते खोटं आहे. माझ्याकडून गेलाय तो."

"संस्थेच्या नावानं आलाय की."

"दुसरा पाठवते, चालू आहे म्हणून."

"दुसरा आला तर लोक म्हणतील, ह्योच खोटा. मायकवर सांगाय पायजे." आक्कांनी हात पदराला पुसले. "मी तर रेडकू सोडलं बघ म्हशीला. म्हटलं, एक दिस तरी पोटभर पिऊ दे."

क्रांतीने संस्थेच्या सेक्रेटरीला, जोतीरामला, फोन लावला. तो कागलात होता. त्यालाही मेसेज गेला होता.

"वहिनी, साईट हॅक झालीया," तिने तोंड उघडायच्या आत तो म्हणाला. "तुम्ही जवळ हाय. डेअरीत जावा आणि मायकवर तसंच सांगा. सातला टँकर येतोय, मोकळा गेला तर दूध संघवाले मला उभा फाडतील."

"पण जोतीरामदादा, ते..."

"हॅक म्हणलं की कुणी काय इचारत न्हाय. आपल्यावर कशाला घ्यायचं? पळा."

फोन बंद झाला. तिने राजनंदिनीला कडेवर घेतलं आणि चपला अडकवल्या.

गावातली, बावड्याची ती गल्ली रोजची होती. नव्या अपार्टमेंटांच्या मागे जुने गोठे. या वेळेला तिथे बादल्यांचा आवाज असतो. आज नव्हता. पहिल्या गोठ्यात रेडकू म्हशीच्या कासेला ढुशा देत होतं, तोंडाला फेस. दुसऱ्या गोठ्यात दोन रेडकं. त्यांच्या शेपट्या हलत होत्या. राजनंदिनीने बोट दाखवलं आणि हसली. क्रांतीचे पाय जरा मंदावले. मग ती जवळजवळ पळायलाच लागली.

कट्ट्यावर गुंडूतात्या रिकामी किटली पालथी घालून बसले होते.

"डेअरीकडं व्हय? बंद हाय आज."

"चालू आहे, तात्या. धार काढा."

"मेसेज आलाय की. एवढी शिकलीस आणि तुला मेसेज वाचाय येईना?"

ती थांबली नाही. हॅक, हॅक, असं मनातल्या मनात म्हणून बघत होती. शब्द सोपा होता. सोमवारचं कामही त्यात वाचत होतं.

डेअरीत स्वप्नाली एकटीच होती. दुधाची फॅट मोजायचं काम तिचं. मशीन धुऊन, पुसून ती दाराकडे बघत बसली होती.

"दादांचा फोन आलता," तिने मायक पुढे केला. "हॅक झालंय म्हणून सांगायचं म्हणं."

सव्वापाच वाजले होते. क्रांतीने बटण दाबलं. भोंगा कर्कश वाजला, राजनंदिनी दचकून तिला बिलगली.

"ऐका. डेअरी चालू आहे. मघाचा मेसेज खोटा आहे." तिचाच आवाज गावभर फिरून परत तिच्याकडे आला. स्वप्नालीने नुसते ओठ हलवले. हॅक.

"तो मी पाठवला. मी क्रांती. आक्का चौगुल्यांची सून. घरात काम करताना माझ्या चुकीनं गेला. डेअरी चालू आहे, टँकर सातला येणार आहे."

तिने बटणावरचं बोट उचललं नाही. अजून एक सांगायचं राहिलं होतं. राजनंदिनी तिच्या ओढणीत तोंड खुपसून दूध शोधत होती.

"रेडकं बांधून घ्या," ती म्हणाली.

भोंगा गप्प झाला. क्रांती मायक ठेवून दारात आली. मग गल्लीच्या टोकाला एक रेडकू ओरडलं. मागोमाग दुसरं. मग ओढ्यापलीकडून, शाळेमागून, सगळीकडूनच.

"ऐकलं वाटतं लोकांनी," स्वप्नाली म्हणाली.