लाइव्ह

आजारपणात आईचे केस गळाले होते आणि आता तिला एकटीने कूसही बदलता येत नव्हती. मुलगी तिचं अंग पुसायला आली, पण आधी तिने फोन स्टँडवर लावून पलंगाकडे वळवला.

"हे काय गं?"

"लाइव्ह करतेय, तुझ्याच चॅनलवर. तुझे फॉलोअर्स सारखे विचारतात, ताई कुठे गायब झाल्या म्हणून."

आईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "नको गं. मला अशी कुणी बघायला नको."

"मी दहा वर्षांची असताना अंथरूण ओलं केलं, तेव्हा मीही हेच म्हणत रडत होते. तू शूटिंग थांबवलं नाहीस."

"तू लहान होतीस. लोकांना किती गोड वाटलं होतं ते."

मुलीने कोमट पाण्यात टॉवेल पिळला आणि आईची मान, पाठ हलक्या हाताने पुसून काढली. आई तोंड फिरवून रडत राहिली.

"किती जण बघतायत?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"चाळीस हजार. वाढतायत अजून."

धुतलेला गाऊन घालून, पांघरूण नीट करून मुलीने स्टँडवरचा फोन काढला. तो मुळात सुरूच नव्हता. आई एकदा 'चुकलं गं' म्हणाली की तिला तसं सांगून टाकायचं, असं ती ठरवून आली होती.

"उद्याही याच वेळी करू," ती म्हणाली, "लोक वाट बघतात."