सत्तरच्या वर

काकूंचं घर धावपट्टीच्या अगदी तोंडाशी होतं. दोन वर्षं अर्ज करकरून त्यांनी विमानतळाच्या लोकांचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे आवाज मोजणारा साहेब दारात उभा राहिला. नियम सरळ होता: विमानामुळे घरातला आवाज सत्तर डेसिबलच्या वर गेला, तर आवाज अडवणाऱ्या दुहेरी काचेच्या खिडक्या फुकट. साहेबानं यंत्र सुरू करून टीपॉयवर ठेवलं आणि तो अकराच्या विमानाची वाट बघत बसला.

"अहो, टीव्ही बंद करा!" काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"मघाशीच केला!" काका गॅलरीतून म्हणाले.

"मग पंखाही बंद करा! साहेब म्हणतील, आकडा पंख्यानं फुगवला!"

"अगं, त्यांनाच घाम आलाय!"

"बरं, चहात साखर किती, विचारा त्यांना!"

साहेबानं मुकाट्यानं दोन बोटं दाखवली.

अकराचं विमान कपाटातल्या कपबश्या हलवून गेलं. काकू हात पुसत बाहेर धावल्या. काकांनी चष्मा लावून यंत्रात डोकं घातलं. सर्वांत मोठा आकडा होता एक्क्याऐंशी.

"जिंकलो गं!" काका म्हणाले.

"सुटले बाई! आता तरी घरात माणसासारखं बोलता येईल," म्हणत काकू खुर्चीत टेकल्या.

साहेबानं आपली वही पाहिली आणि घसा खाकरला.



"काकू, विमान अडुसष्टच भरलं. एक्क्याऐंशी तुम्हा दोघांचे आहेत."